उणे एकोणऐंशी

चंदीगड, २७ ऑक्टोबर २०२५

प्रिय शार्दूल,

तुझा फोन लागत नाही. लागला असता तरी मला बोलता आलं नसतं, नुसतं रडू आलं असतं. म्हणून मेल लिहिते. लांबली तर लांबू दे.

फ्रीझर गेला रे. उणे ऐंशी अंशांचा मोठा. दिवाळीची सुट्टी संपवून आज लॅब उघडली, दार ओढलं तर पायावर पाणी आलं आणि आंबट वास. मला आधी वाटलं कुणी दुधाची पिशवी सांडली. मग कळलं की ते दूधच आहे. पिंजौरच्या बायकांचं, बाळंतपणानंतरच्या पहिल्या आठवड्यातलं. सगळ्या कुप्या कोमट. त्या दुधातले जिवाणू हाच माझ्या पीएचडीचा विषय, आणि ते दूध पुन्हा मिळत नाही हे तुला मी काय सांगायचं? पहिल्या वर्षी बर्फाचा डबा मांडीवर घेऊन माझ्याबरोबर बसनं तूच यायचास. कंडक्टर तुला आइस्क्रीमवाला समजायचा.

सुट्टीतली ड्यूटी माझी होती. सगळे घरी गेले, मला कराडचं तिकीट मिळालं नाही, म्हटलं मी थांबते. तुझा अलार्म बसल्यापासून सुट्टीत रोज येऊन फ्रीझर बघायचा नियम आपल्या गाइड मॅडमनीच बंद केला होता. काही बिघडलं तर फोनवर मेसेज येईल, मग धावायचं. मेसेज आलाच नाही. भाऊबीजेला ओवाळायला माझा मानलेला भाऊ इथं नव्हता, म्हणून चंडीमंदिरला रागिणीवहिनींकडे गेले होते, त्यांचे मिस्टर आर्मीत आहेत ना, त्या. तिथंही सारखी फोन बघत होते.

मॅडम एवढंच म्हणाल्या, "शैलजा, अलार्म आया, तब तुम कहाँ थी?" मी म्हटलं आलाच नाही. तर म्हणतात, "शार्दूल ने तो सबके सामने चलाकर दिखाया था." बाकीचे माझ्याकडे बघत राहिले.

तूच लिहिलास तो प्रोग्रॅम. तूच सांग बाबा, असं होऊ शकतं का? अलार्म न येणं?

तुझी,
शैलजाताई

*

पुणे, ३० ऑक्टोबर २०२५

प्रिय शैलजाताई,

अगं, आधी पाणी पी आणि बस.

तू विचारलंस म्हणून सांगतो. अलार्म गेला नाही असं होणार नाही. तुझ्यासमोरच तपासला होता ना आपण? मी सेन्सर मुठीत धरला, आकडा सरसर चढला आणि दोघांचे फोन एकदम ओरडले. तू दचकून चहा सांडलास. त्यामुळे मेसेज गेलाच असणार. तू तर फोन भरला की मेसेजचा ढीगच्या ढीग न वाचता उडवतेस. दिवाळीत जाहिरातींचा किती कचरा येतो! त्यात उडाला असेल. होतं गं ताई, माणूस आहे.

माझं ऐक, मॅडमशी वाद घालत बसू नकोस. त्यांना वाद आवडत नाही. चुकलं म्हण, त्या विरघळतात, पक्का. आणि त्या प्रोग्रॅममध्ये डोकं घालू नकोस आता, आधीच तुझी झोप उडाली असेल.

इथं नवी नोकरी म्हणजे नुसती धावपळ आहे. सहा महिने प्रोबेशन, सगळे डोळे माझ्यावर. म्हणून फोन घेता येत नाही, रागावू नकोस. जेवत जा.

तुझा,
शार्दूल

*

चंदीगड, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय शार्दूल,

तुझं ऐकलं. मॅडमना लिहून दिलं की मेसेज माझ्याकडून न बघता उडाला असावा. लिहिताना दोनदा खोडलं, पण तू म्हणतोस म्हणजे तसंच झालं असणार. मी खरंच उडवते रे मेसेज. आई नेहमी ओरडते, तिचे पण उडवते म्हणून.

मॅडम काही विरघळल्याबिरघळल्या नाहीत. चौकशी समिती बसवली आहे. निकाल लागेपर्यंत फेलोशिप बंद, आणि निष्काळजीपणा ठरला तर पीएचडीची नोंदणीच रद्द होऊ शकते. कराडला अजून काही कळवलेलं नाही. बाबा सगळ्या गल्लीला सांगत फिरतात, आमची शैला डॉक्टर होणार, सुई टोचणारी नव्हे, मोठी. कोणत्या तोंडानं सांगू?

चार वर्षं झाली या शहरात, पण आपलं म्हणावं असं माणूस तू एकटाच. तू नसतास तर मी या महिन्यात वेडी झाले असते.

एक चांगली बातमी. नवा फ्रीझर आला, त्याच्याबरोबर नवा कॉम्प्युटरही. उद्या तुझा अलार्म त्यावर मीच चढवते. तू शिकवलेलं सगळं आठवतंय बरं का. फंक्शनच्या आत काही बिघडलं की काम तिथल्या तिथं थांबतं, आणि ज्यानं त्या फंक्शनला बोलावलं त्याच्याकडे तक्रार जाते. त्यानं एक्सेप्ट लिहून ती पकडली तर ठीक, नाहीतर त्याच्या वरच्याकडे. तू म्हणायचास, ताई, हे सरकारी ऑफिस नाही, इथं तक्रार वर पोचतेच! किती हसलो होतो आपण.

तुझी,
शैलजाताई

*

पुणे, १० नोव्हेंबर २०२५

ताई,

घाईत लिहितोय. जुना प्रोग्रॅम चढवू नकोस. नव्या कॉम्प्युटरवर तो नीट चालणार नाही. मी नवा लिहून पाठवतो, शनिवारपर्यंत नक्की. तोवर जुन्याला हात लावू नकोस. लावला असशील तर काढून टाक. जुन्या कॉम्प्युटरवरची फाइलही पुसून टाक, उगाच गोंधळ नको.

शार्दूल

*

चंदीगड, १६ नोव्हेंबर २०२५

शार्दूल,

तुझा नवा प्रोग्रॅम मिळाला. पण तुझी मेल यायच्या आधीच मी जुना चढवला होता.

नव्या कॉम्प्युटरवर पायथनची नवी आवृत्ती आहे. तुझा प्रोग्रॅम सुरू करताच तिनं इशारा दिला, की फायनलीच्या आत रिटर्न लिहिलेला आहे. मला वाटलं, असेल काही बारीकसारीक, आणि ती जागा उघडली.

तापमान वाचणारं तुझं ते फंक्शन. फायनली म्हणजे आत बरं होवो की वाईट होवो, बाहेर पडता पडता हे काम करायचंच. तिथं सेन्सरची जोडणी बंद करायची ओळ आहे, ती असायलाच हवी. आणि तिच्याखाली आणखी एक ओळ: शेवटचा माहीत असलेला आकडा रिटर्न कर, म्हणजे विचारणाऱ्याला तोच परत दे.

मी सेन्सरची वायर उपटली. तू शिकवलंस तसं आता बोंब उठायला हवी होती. वरच्या भागात एक्सेप्ट तिचीच वाट बघत बसलाय, मेसेज पाठवायचं काम त्याच्याकडेच तर आहे. पण त्याच्यापर्यंत काही गेलंच नाही. त्या रिटर्ननं तक्रार दारातच गिळली आणि साळसूदपणे आकडा पुढे केला. स्क्रीनवर आलं: उणे एकोणऐंशी, सर्व ठीक. वायर माझ्या हातात लोंबतेय आणि हा सांगतोय सर्व ठीक! मुठीत सेन्सर धरला की ओरडतो, कारण तेव्हा सेन्सर जिवंत असतो. सेन्सरच मेला तर हा कधीच ओरडणार नाही.

दिवाळीत फ्रीझरमागच्या भिंतीवरच्या बोर्डाची वीज गेली. फ्रीझर आणि सेन्सर दोन्ही त्याच बोर्डावर, दोन्ही एकदम बंद. कॉम्प्युटर पलीकडच्या खोलीत बॅटरीवर चालू. इकडे दूध नासत होतं आणि तुझा प्रोग्रॅम सुट्टीभर ठीक, ठीक म्हणत होता. मेसेज गेलाच नव्हता. मी काहीही उडवलं नव्हतं.

तरी मी म्हणणार होते, चुकलं असेल पोराचं, घाईत होतं असं. पण त्या ओळीशेजारी तुझी टीप आहे. आपण दोघं टिपा मराठीत लिहायचो, लॅबमध्ये तिसऱ्या कुणाला कळू नयेत म्हणून, गंमत म्हणून. तू लिहिलंयस: "उगाच कटकट नको."

आणि मी तुझा प्रोग्रॅम तेव्हा नीट वाचलाच नव्हता असं म्हणू नकोस. लॅबचा नियमच आहे, एकानं लिहायचं, दुसऱ्यानं वाचून सही करायची. मी ओळ न् ओळ वाचली होती, तुला प्रश्न विचारून भंडावलं होतं. तेव्हा ही ओळ नव्हती. जुन्या कॉम्प्युटरवर जाऊन पाहिलं. फाइल शेवटची बदललीय ती माझ्या सहीनंतर, तुझ्या त्या डेमोच्या आदल्या दिवशी. माझ्या सहीखाली तू गुपचूप ओळ घातलीस.

आणि माझी पहिली मेल वाचलीस तेव्हाच तुला कळलं असणार. तरी मला म्हणालास, पाणी पी. म्हणालास, तूच मेसेज उडवलेस. मला ते लिहून द्यायला लावलंस! काय रे हे? शरम कशी वाटली नाही तुला?

शैलजा

*

पुणे, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

मेल पुन्हा पुन्हा वाचली. खोटं बोलण्यात आता अर्थ नाही.

सेन्सरची ती वायर तेव्हा सैल होती. दार आपटलं की निसटायची आणि अलार्म ओरडायचा. डेमोला पाहुणे येणार होते आणि माझ्या आताच्या कंपनीचे लोकही ऑनलाइन बघणार होते. मी त्यांना छातीठोक सांगितलं होतं की माझा प्रोग्रॅम कधीच बंद पडत नाही. भर डेमोत तो बोंबलला असता तर माझी नोकरी गेली असती. म्हणून एक ओळ घातली. संध्याकाळी काढणार होतो, शप्पथ. डेमो झकास झाला, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि राहून गेलं.

तुझी पहिली मेल वाचली आणि मला त्याच क्षणी कळलं. उत्तरात सगळं खरं लिहिलंही होतं. पण मग प्रोबेशन आठवलं, घरचे आठवले, आणि पुसलं. मला वाटलं, तुला थोडं ओरडतील आणि सोडून देतील. समिती वगैरे बसेल असं वाटलं नव्हतं गं.

मी समितीला खरं सांगतो. व्हिडिओवर येतो आणि सगळं सांगतो. फक्त एक कर, तू ती फाइल किंवा तारीख काही दाखवू नकोस. माझं मी सांगितलं तर मी प्रामाणिक ठरेन. तू उघडं पाडलंस तर चोर ठरेन. एवढी एक संधी दे ताई. पाया पडतो.

तुझाच,
शार्दूल

*

चंदीगड, २७ नोव्हेंबर २०२५

शार्दूल,

कबूल केलंस, निम्मा राग तिथंच गेला. उरलेला जायला वेळ लागेल, तेवढा दे.

ठीक आहे. मी फाइल काढणार नाही. कुणाला काही बोललेही नाही. बैठक १२ डिसेंबरला आहे, तुला मॅडमकडून निरोप येईल. सरळ सांग, लांबण लावू नकोस. ओळ मी घातली, सहीनंतर घातली, शैलजाला माहीत नव्हतं. एवढं म्हटलंस की झालं. माझी पीएचडी त्यावर टांगलेली आहे, हे विसरू नकोस.

थंडी वाढलीय इथं. तुझा राखाडी स्वेटर माझ्या खोलीवर राहिलाय, कुरिअरनं पाठवते. पुण्यात लागणार नाही म्हणा तुला.

शैलजाताई

*

पुणे, १४ डिसेंबर २०२५

ताई,

तू फोन उचलत नाहीस. मेसेजवर एक खूण दिसते, म्हणजे तू मला ब्लॉक केलंयस. म्हणून मेल.

बैठकीत मी तसं बोलणार नव्हतो. सगळं पाठ करून बसलो होतो, तू लिहिलंस तसंच. ओळ मी घातली, हे म्हटलंच ना मी? तेवढं तरी धर. पण मग त्या टक्कलवाल्या सरांनी विचारलं, "इस लाइन का और किसे पता था?" आणि मॅडम अशा बघत होत्या... माझ्या तोंडून निघून गेलं की शैलजाला माहीत होतं, तपासून सही तिनंच केलीय. निघून गेलं गं. एकदा निघाल्यावर, नाही नाही, खोटं बोललो, असं त्या सगळ्यांसमोर कसं म्हणू? मी एकटा पडलो असतो. दोघांचं म्हटलं तर विभागलं जाईल असं वाटलं.

तू गप्प का बसलीस पण? तू काहीतरी बोलशील असं मला वाटत होतं. बोलली असतीस तर मी हो म्हटलं असतं.

मॅडम मनानं वाईट नाहीत. तुला मुदत देतील. माझं प्रोबेशन संपलं की मी स्वतः चंदीगडला येऊन सगळं निस्तरतो. एकदा उत्तर दे.

शार्दूल

*

चंदीगड, १८ जानेवारी २०२६

शार्दूल,

गप्प का बसले विचारतोस. तुझं वाक्य ऐकलं तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते. स्क्रीनवर तू होतास, नीट भांग पाडलेला, मी पाठवलेला राखाडी स्वेटर घातलेला, आणि माझ्या डोळ्यांत बघून सांगत होतास की मला माहीत होतं. परक्यानं केलं असतं तर मी ओरडले असते, भांडले असते. तुझ्याशी कसं भांडायचं तेच मला सुचेना. तू स्क्रीनवरून गेलास, तरी मी तशीच बसून होते.

मग मॅडम म्हणाल्या, "कुछ कहना है?" तेव्हा उठले. जुना कॉम्प्युटर उचलून आणला, कुणाला हात लावू दिला नाही. फाइलची तारीख दाखवली, माझ्या सहीची दाखवली. तुझी टीप हिंदीत करून सांगितली. मग सेन्सर जोडला आणि वायर उपटून ती सगळ्यांच्या समोर धरली. स्क्रीनवर तेच, सर्व ठीक. ते टक्कलवाले सर खुर्चीतून उठून जवळ आले आणि म्हणाले, "फिर से करो." मी पुन्हा केलं. तुला दिलेला शब्द मी मोडला, हो. त्याचं मला काडीचं वाईट वाटलेलं नाही.

निकाल मागच्या आठवड्यात आला. माझ्यावर ठपका नाही. फेलोशिप सुरू झाली, नोंदणी राहिली. तुझ्या कंपनीला कळवायचं का, असं मला विचारलं. मी म्हटलं, ते तुमचं तुम्ही ठरवा. सूड वगैरे मला उगवायचा नाही, पण तुला वाचवायचंही नाही. एकदा वाचवून बघितलं मी.

फंक्शनमधली ती ओळ काढून टाकली. आता सेन्सर निसटला की अलार्म बोंबलतो, आणि मी उठून जाते. वायरही बदलून घेतली. इलेक्ट्रिशियननं चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात बदलली. तुझ्याच्यानं तेवढंही झालं नव्हतं.

माझी सुटका झाली, पण दूध गेलं ते गेलंच. काम पहिल्यापासून करायचं, नव्या बाळंतिणी शोधायच्या. आणि त्याआधी जुन्या बायकांना जाऊन सांगायचं होतं. मॅडम म्हणाल्या, गरज नाही, त्यांना कुठं कळणार आहे? हे असं बोलणं मी या हिवाळ्यात फार ऐकलं. म्हणून एकेका घरी जातेय. बहुतेक जणी हसल्या, म्हणाल्या कोई बात नहीं जी.

काल कमलेशकडे गेले. कमलेश हे इथं बायकांचंही नाव असतं. पिंजौरच्या बाजारामागं राहते, तिचा नवरा कारखान्यात जातो. ती तुला माहीत नाही, तू यायचं बंद केलंस त्यानंतरची आहे. तिचं बाळ जन्मल्यावर काही दिवसांतच गेलं. मला ठाऊक नव्हतं, मी आपली डबा घेऊन दारात उभी. परत फिरणार होते, तर तिनंच थांबवलं. म्हणाली, दूध तो आ रहा है दीदी, किसी के बच्चे के काम आ जाए. आणि आत जाऊन कुपी भरून आणून दिली. शार्दूल, ती कुपी मी त्याच फ्रीझरच्या वरच्या कप्प्यात ठेवली होती.

काल मला बघून तिला आनंद झाला. "रिपोर्ट आ गई, दीदी?" मी दारातच सांगितलं की दूध खराब झालं, सगळं टाकून द्यावं लागलं. तिला आधी कळलंच नाही. मग म्हणाली, "मशीन तो लगी थी ना? उसने बताया नहीं?" मी तिलाच सांगितलं होतं मागे, तुझ्या अलार्मचं कौतुक करताना.

मी म्हटलं, मशीन बतानेवाली थी, उसका मुँह बंद कर दिया था.

"किसने?"

मला कुणाचंही नाव घेता आलं असतं. लॅबवाल्यांनी म्हटलं असतं तरी चाललं असतं. तिच्यासमोर उभी होते, ओढणीचं टोक तिनं मुठीत धरलेलं. मी म्हटलं, "मेरे भाई ने."

ती आत गेली आणि दार लोटून घेतलं. मी धुक्यातून चालत बसस्टँडवर आले.

तुला भाऊ म्हणाले ते तिच्या दारात, शेवटचं. यापुढं कुणी विचारलं तर तुझं नुसतं नाव सांगेन.

शैलजा